उगारलेला हात

'मारले तर नाही ना? मग तक्रार कसली?' हा प्रश्न चाळीच्या गॅलरीत, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आणि पोलीस चौकीच्या बाकावरही नित्य कानी येतो. कोणी दाराशी येऊन काठी उगारतो, कोणी मूठ वळून अंगावर धावून जातो. शेजारी मध्ये पडतात आणि प्रकरण मिटते. अंगावर ओरखडा नाही, सदऱ्यावर रक्ताचा डाग नाही, तेव्हा गुन्हाही नाही, असा निवाडा तेथल्या तेथे होतो. हा निवाडा कायद्याला सोडून आहे आणि समाजाला घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८६० च्या दंड संहितेने हमल्याची जी व्याख्या केली, तीत जखमेचा उल्लेखही नव्हता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० मध्ये तीच व्याख्या कायम आहे. आता हा मनुष्य आपल्यावर बळ वापरणार, अशी धास्ती समोरच्यास वाटावी या हेतूने, किंवा ती वाटेल हे ठाऊक असून, कोणी तसा आविर्भाव वा तयारी केली की हमला पुरा झाला. उगारलेली मूठ आणि चावऱ्या कुत्र्याची सोडू घातलेली मुसकी ही उदाहरणे खुद्द कायद्यानेच दिली आहेत. बोलीतला हल्ला प्रहाराने सुरू होतो. कायद्यातला हमला प्रहाराच्या धास्तीनेच पूर्ण होतो. प्रत्यक्ष धक्का दिला तर तो बलप्रयोगाचा गुन्हा. आणि थपडेने वेदना झाली तर, वळ उठो वा न उठो, ती दुखापतच होय.

म्हणून प्रत्येक तंटा न्यायालयात न्यावा काय? मुळीच नाही. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, हे कायद्याने बजावून सांगितले आहे. मात्र शब्दांमुळे आविर्भावाला अर्थ येऊ शकतो. कोणाही समंजस माणसाने मनावर घेऊ नये इतकी क्षुल्लक इजा गुन्हा ठरत नाही, हेही त्याच संहितेत आहे. रागाच्या भरात हवेत फिरलेला हात आणि दुर्बळाला दबविण्यासाठी रोज उगारला जाणारा हात यांतील भेद न्यायाधीशाने करावयाचा आहे. तो चौकीच्या दारातच कोणी करू नये.

खरी अडचण येथेच आहे. या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत; पण तो अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांस तपास करता येत नाही. तीच मूठ कर्तव्य बजावणाऱ्या सरकारी नोकराला अडविण्यासाठी उगारली, तर गुन्हा दखलपात्र होतो! तरीही घरोघरच्या भांडणात पोलिसांस अटकेचा मोकळा अधिकार द्यावा, अशी आमची मागणी नाही. त्या औषधाने रोगच बळावेल. परंतु अदखलपात्र म्हणजे नोंद करण्यासही अपात्र, असा अर्थ कोणत्या शब्दकोशात आहे? तक्रारीचा सारांश नोंदवून घेणे आणि तक्रारदारास दंडाधिकाऱ्याकडे जावयास सांगणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्यच आहे. हात कोणी उगारला, किती अंतरावरून, काय शब्द काढून, कोणासमक्ष, हे त्या नोंदीत यावयास हवे. नागरिकांनीही ध्यानात ठेवावे की, दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद नेण्याची मुदत सामान्यतः एक वर्षाची आहे.

ज्या घराच्या दाराशी काठी उगारली गेली, त्या घरातील मूल पुढे कित्येक दिवस कडी वाजली की दचकते. ही इजा कोणत्याही वैद्यकीय दाखल्यात लिहिली जात नाही. कायद्याने ती दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखली आहे. आपण रक्ताची वाट पाहत बसलो, तर एके दिवशी ते सांडेल, आणि तेव्हा नोंद करण्याची घाई सर्वांनाच होईल.