भोंगा वाजला, पण ऐकला किती जणांनी?



सोयाबीनचं घरचं बी पेरायच्या आधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, पाच-सात दिवसांनी उघडतो आणि मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, थोडे कमी असले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी असले तर बी बदलायचं. गोणपाट न उघडताच "उगवण तपासली" असं कुणी म्हणत नाही. न उगवलेले दाणे मोजले तरच ती चाचणी.

धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी मात्र आपल्याकडं गोणपाट न उघडताच होते, असं माझं मत झालंय. ते कसं झालं ते सांगतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री मी आणि आमचे चुलते, आण्णा, पुरंदरहून भाजीचा टेंपो घेऊन अंधेरीला निघालो. तिथल्या एका सोसायटीच्या गेटवर आमचा माल जायचा. घाटात पाऊस असा की वायपर पुरा पडत नव्हता. खालापूरच्या पुढं उजव्या हाताला सगळे डोंगर काळेकुट्ट. आम्ही चहासुद्धा न घेता तसेच पुढं गेलो.

सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास अंधेरीत भेंडी तोलत असताना माझा फोन किंचाळायला लागला. रिंग नाही, मेसेजचा टोन नाही, वेगळाच कर्कश आवाज. रांगेतल्या ताई, वॉचमन, समोरचा रिक्षावाला, सगळ्यांचे फोन एकदम. एक ताई म्हणाल्या, "भाऊ, सबवेत पाणी भरलं वाटतं!" अंधेरीच्या माणसाला पावसात पहिली आठवण सबवेचीच. मग वाचलं तर दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश. सगळे हसले आणि परत भेंडीकडं वळले.

आण्णांचा बटणांचा फोन खिशात गप्प होता. म्हणाले, "आमाला नाय काय आलं."

त्यानंतर थोड्या वेळात फोनवर बातम्या बघितल्या. आदल्या रात्री साडेदहा-अकराच्या दरम्यान खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. रात्री आम्ही ज्या डोंगरांशेजारून गेलो, त्यातल्याच इर्शाळगडाच्या पोटातली ती ठाकर वाडी. गाडी जायला रस्ता नाही, बचाव पथकं पावसात डोंगर चढून गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला.

म्हणजे इकडं शहरात इशाऱ्याचा आवाज तपासला जात होता, आणि तिकडं वाडी आदल्या रात्रीच गेली होती. यात कुणी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. तो योगायोग होता. आणि खरं बोलायचं तर ही यंत्रणा आदल्या दिवशी पूर्ण तयार असती तरी इर्शाळवाडी वाचली असती असंही म्हणता येणार नाही, कारण ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. धोका कुठं आहे हेच ठाऊक नसेल तर भोंगा वाजवणार कुणासाठी? पण आण्णांचा गप्प फोन काही माझ्या डोक्यातनं गेला नाही. वाडी-वस्तीवर, रानात, गोठ्यात, किती जणांच्या खिशात तसलेच फोन असतील?

ही फोनवरची पद्धत चांगली आहे, हेही सांगतो. तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. ठरलेल्या भागातल्या टॉवरवरून तिथल्या सगळ्या फोनना एकदम इशारा जातो. कुणाचा नंबर लागत नाही, लाईन जाम असली तरी पोचतो. पण टॉवरची रेंज लागते, तो इशारा घेणारा फोन लागतो, आणि फोन चार्ज असावा लागतो. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसलेल्या वाडीत या तिन्ही गोष्टी एकदम जुळायला पाहिजेत.

आता भोंग्याकडं येऊ. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, सिन्नर, मनमाड अशी सोळा ठिकाणं होती. मुंबईत दुपारी चारला क्रॉस मैदानात भोंगा वाजला. संध्याकाळी अंधेरीच्या त्याच ताईंचा फोन: "भाऊ, टीव्हीवर दाखवलं, आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही." कसं येणार? मधे वीसेक किलोमीटर. टीव्हीवर भोंगा ऐकणं म्हणजे शेजाऱ्याच्या रानातला पाऊस आपल्या वहीत लिहिण्यासारखं झालं.

त्या ताईंनी पुढं विचारलं ते जास्त महत्त्वाचं: "आणि ऐकू आला असता तर करायचं काय होतं?" मला सांगता आलं नाही, मग माहिती काढली. आवाज वर-खाली होत दोन मिनिटं वाजला तर धोका, आडोशाला जायचं. एकसुरी सरळ दोन मिनिटं वाजला तर धोका टळला. एवढं साधं आहे. पण माझ्या गावात दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतंच.

उलट नीरेकाठच्या आमच्या पाहुण्यांकडं बघा. वीर धरणातून पाणी सोडणार असं कळलं की कुणी कुणाला विचारत बसत नाही. नदीतली मोटार वर काढायची, जनावरं सोडून उंचावर न्यायची, पलीकडं गेलेल्याला हाक मारायची. कोयनेचे दरवाजे उघडायच्या आधीही भोंगा वाजतो. इशारा एक आणि त्याच्यामागं काम ठरलेलं, म्हणून तो कामाला येतो.

काही जण म्हणतील, सारख्या चाचण्या घेतल्या तर लांडगा आला रे आला होईल, खऱ्या वेळी कुणी उठणार नाही. मुद्दा बरोबर आहे. पण जुन्या माणसांना विचारा. तालुक्याच्या गावाला नगरपालिकेचा भोंगा रोज ठरल्या वेळेला वाजायचा, लोक त्यावर घड्याळ लावायचे. त्यानं कुणी गाफील झालं नाही. अवेळी वाजला की सगळे दारात यायचे, काय झालं बघायला. चाचणीची वेळ पक्की ठेवली की अवेळचा आवाज आपोआप वेगळा कळतो. माणूस गाफील होतो ते न सांगता, न समजावता कधीही वाजवलं तर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चाचणी शेतकऱ्याच्या वेळेला आणि शेतकऱ्याच्या जागेवर घ्या. पाऊस पत्र्यावर वाजत असताना घ्या. ट्रॅक्टर चालू असताना घ्या. लाईट गेलेली असताना घ्या, म्हणजे भोंग्याची बॅटरी जिवंत आहे का तेही कळेल. रात्री अकराला एकदा तरी घ्या, आधी दवंडी देऊन. आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट उघडा: वाडीवार शंभर माणसांना विचारा, ऐकलं का, कळलं का, काय केलंत? सत्तरच्या खाली आलं तर ती वाडी नापास, तिथं दुसरा उपाय. देवळाचा कर्णा असेल, शाळेची घंटा असेल, नाहीतर दोन पोरं नेमून दारोदार हाक.

कृषी विभागातल्या, विद्यापीठातल्या मित्रांनाही एक विनंती. ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी हे आपल्याला भरपाईच्या अर्जामुळं पाठ झालंय. पण मंडळातलं एक पर्जन्यमापक डोंगरावरच्या वाडीत किती पडला ते सांगू शकत नाही. डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत एक साधं पर्जन्यमापक आणि ते रोज बघणारा एक माणूस ठेवा. किती मिलिमीटरला माणसं हलवायची तो आकडा तुमच्यातल्या भूगर्भवाल्यांनी ठरवून द्यावा. आकडा ठरला तर भोंगा कधी वाजवायचा हेही ठरेल.

माळीण आठवतं ना? ३० जुलै २०१४. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. दीडशेच्या वर माणसं गेली. तिथं भोंगा नव्हता. नऊ वर्षांनी इर्शाळवाडीतही नव्हता.

आम्ही यंदा मृगाच्या आधी आमच्या वस्तीवर मोजणी करणार आहोत. शाळेची घंटा वाजवायची, आणि वरच्या रानापासून खालच्या ओढ्यापर्यंत कुणाकुणाला ऐकू गेली ते वहीत लिहायचं. आण्णा ओढ्याकडं उभे राहणार आहेत, फोन घरी ठेवून. तुमच्याकडं असं काही केलं असेल तर सांगा. किती जणांना ऐकू गेलं नाही, तो आकडा आधी लिहा.