तांबोशीचे नावगाव

रविवारी सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारात शिरणारा शिक्षक वा कारकून कोळणीसमोर उभा राहून विचारतो, ‘तांबोशी आहे का?’ आणि कोळीण पाटीतला एक तांबूस, जाड खवल्यांचा, टपोऱ्या डोळ्यांचा मासा उचलून त्याच्या पुढ्यात धरते. मग भावाची घासाघीस होते, कल्ले उचकून ताजेपणाची खात्री करून घेतली जाते, तुकड्या पडतात आणि व्यवहार संपतो. या साऱ्या प्रकारात एक प्रश्न कोणी विचारीत नाही. घरी चाललेला हा मासा नेमका कोणता? तांदूळ घेताना आंबेमोहोर की कोलम हे निरखून पाहणारा, आंबा देवगडचा की परप्रांतातला यावरून फळवाल्याशी हुज्जत घालणारा मराठी माणूस माशाच्या बाबतीत मात्र नुसत्या रंगावर समाधान मानतो, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

‘तांबोशी’ हे वस्तुतः एका माशाचे नाव नव्हे. ते एका रंगाचे नाव आहे. कुठे तांब, कुठे तांबोशी, गोव्यात तामसो. खाली केरळात गेले तर ‘चेंबल्ली’, आणि त्यातल्या ‘चेम्’चा अर्थही तांबडा असाच. उपाहारगृहांच्या खाद्यपत्रिकेवर तोच मासा ‘रेड स्नॅपर’ होऊन बसतो व तेवढ्याने त्याची किंमत वाढते. प्राणिशास्त्रज्ञांच्या हिशेबी ही सारी मंडळी ल्युट्जॅनिडी या कुळातली. या कुळात शंभराहून अधिक जाती असून त्यांपैकी सत्तरच्या आसपास एकट्या ल्युट्जॅनस या प्रजातीत मोडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८५ साली जेरल्ड अ‍ॅलन यांच्याकडून या कुळाची एक जागतिक सूची तयार करून घेतली. देशोदेशीच्या बाजारांत एकाच नावाखाली काय काय विकले जाते याचा मेळ लागणे सोपे नाही.

भारताच्या किनाऱ्यावरही या कुळातल्या कितीतरी जाती जाळ्यात आणि गळाला लागतात. त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे खाडीच्या तोंडाशी मिळणारी, काळपट तांबूस अंगाची ल्युट्जॅनस अर्जेंटिमॅक्युलेटस. तिची पिल्ले तिवरांच्या मुळांत, खाजणांच्या गढूळ पाण्यात वाढतात आणि मोठी झाल्यावर खडकाळ समुद्राची वाट धरतात. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी ल्युट्जॅनस जॉनाय. हिच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर काळसर ठिपका असतो, त्यामुळे अंगावर बारीक रेघांच्या ओळी उमटल्यासारख्या दिसतात, आणि पाठीवर पुष्कळदा एक मोठा काळा डागही असतो. असा डाग असणाऱ्या आणखीही जाती आहेत. त्यांपैकी एकीला, विशाखापट्टणमच्या माशांवर १८०३ साली सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या पॅट्रिक रसेल यांचे नाव दिलेले आहे. तेव्हा डाग दिसला की नाव ठरले, असे होत नाही. डाग अंगावरच्या बाजूरेषेच्या वर आहे की रेषेवर, त्या रेषेवरच्या खवल्यांच्या ओळी तिला समांतर जातात की तिरप्या वर चढतात, टाळूवरच्या बारीक दातांच्या पट्ट्याचा आकार कसा आहे, हे सारे पाहावे लागते. खोल पाण्यातल्या लालभडक जातींची गोष्ट याहून बिकट. मलबारिकस आणि एरिथ्रोप्टेरस या दोन जाती शेजारी शेजारी ठेवल्या तर जुळी भावंडे वाटावीत. फरक काय, तर पहिलीचे तोंड मोठे आणि दुसरीचे लहान. लहानपणी तर दोघींच्याही कपाळावर तीच तिरपी काळी पट्टी असते.

यात रंगाचा आधार घ्यावा, तर रंगासारखा लबाड साक्षीदार नाही. तांबडा प्रकाश समुद्राच्या वरच्या थरांतच शोषला जातो. त्यामुळे खोल पाण्यात तांबडा मासा काळोखात विरून जातो आणि त्याचा जीव वाचतो. ही सोय एका तांबोशीलाच मिळालेली नाही. एकमेकांशी दूरचेही नाते नसलेल्या अनेक माशांनी हाच वेष पत्करला आहे. बाजारात भरपूर येणारे गुलाबी राणे हे त्यांतलेच. शिवाय हा रंग माशाच्या आहारातून येतो आणि बर्फात दोन दिवस राहिला की फिका पडतो. म्हणजे ज्या एका खुणेवर गिऱ्हाईक विसंबते, तीच खूण सर्वांत आधी पुसली जाते.

कोळणीला हे ठाऊक नसते असे समजण्याचे कारण नाही. जिचा जन्म मासळीच्या टोपल्यांत गेला, तिला दोन तांबोशींतला फरक हाताच्या स्पर्शानेही कळतो. कोणती कालवणाला, कोणती तळायला, कोणत्या डोक्यात जास्त मांस, हे ती सांगू शकते. परंतु या ज्ञानाची नोंद कोठे नाही. फ्रान्सिस डे यांच्या ‘फिशेस ऑफ इंडिया’ या १८७५ ते १८७८ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून शास्त्रज्ञांची नोंदवही वेगळी आणि कोळीवाड्याची तोंडी परंपरा वेगळी, अशी फाळणी जी झाली ती आजही बव्हंशी कायम आहे. आणि आता तर मासा कोळणीच्या हातातून जाण्याची पद्धतच मोडू लागली आहे. तो बंदरावरून थेट शीतगृहात, तेथून कारखान्यात आणि तेथून चकचकीत दुकानात जातो. दुकानात पोहोचतो तेव्हा त्याला डोके नसते, पर नसतात, कातडी नसते. पांढऱ्या मांसाचा एक बिनकाट्याचा चौकोन तेवढा उरतो व त्यावर चिकटवलेला कागद जे म्हणेल तेच त्याचे नाव. खवल्यांच्या ओळी मोजणारा पंडित आणि स्पर्शाने ओळखणारी कोळीण, दोघेही येथे सारखेच हतबल.

अशा कागदाची किंमत काय, हे अमेरिकेत दिसून आले आहे. तेथील कायद्याने ‘रेड स्नॅपर’ हे नाव ल्युट्जॅनस कँपेचॅनस या एकाच जातीसाठी राखून ठेवले आहे. २००४ साली उत्तर कॅरोलिना विद्यापीठातल्या एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांकरवी या नावाने विकल्या जाणाऱ्या माशांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुने भलत्याच जातींचे निघाले. हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चार वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या दोन शाळकरी मुलींनी दुकानांतून व उपाहारगृहांतून माशांचे तुकडे गोळा करून एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे धाडले. त्यांतल्या सुमारे पाव तुकड्यांची नावे खोटी ठरली आणि सर्वांत जास्त बदनाम झाला तो रेड स्नॅपरच. २०१३ मध्ये ‘ओशियाना’ या संस्थेने देशभरातून जमवलेल्या १२० रेड स्नॅपरपैकी खऱ्या नावाचे अवघे ७ निघाले. कायदा कडक, ग्राहक जागरूक, वृत्तपत्रे बोलकी, अशा देशाची ही कथा. आपल्याकडे तर ‘रेड स्नॅपर’ म्हणजे कोणती जात, हे ग्राहकासमोर ठेवलेली यादीच नाही. मग खोटे ठरवायचे तरी कशाला?

यावर कोणी म्हणेल की, चव लागली, पोट भरले, मग माशाची कुळकथा हवी कशाला? हा आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. सामान्य गिऱ्हाइकाला एका चांगल्या माशाऐवजी दुसरा चांगला मासा मिळाला तर त्याचे फारसे बिघडत नाही, पैसे थोडे जास्त जातात इतकेच. पण सगळ्या तांबोशी सारख्या निरुपद्रवी नाहीत. प्रवाळखडकांच्या आसपास राहणाऱ्या बोहार नावाच्या जातीत ‘सिग्वाटेरा’ हे विष साठू शकते. प्रवाळांवरच्या शेवाळात राहणारा एक सूक्ष्म जीव ते तयार करतो, लहान माशांकडून ते मोठ्या माशांत जाते आणि मोठ्या, वयस्क, शिकारी माशात त्याचा साठा होतो. माशाला काही होत नाही. मांसाला वास येत नाही, चव बदलत नाही आणि उकळून वा तळून ते नष्टही होत नाही. खाणाऱ्याला मात्र उलट्या-जुलाबांबरोबर हातापायांना मुंग्या येतात आणि थंड वस्तूचा स्पर्श चटका बसल्यासारखा भासतो. २०१५ साली मंगळूरमध्ये तांबोशीच्या कुळातल्या माशांची डोकी खाऊन अनेकांना अशीच बाधा झाली. डोके हा आपल्या किनाऱ्यावर चवीचा आणि त्यातही स्वस्त पडणारा भाग. डॉक्टर रोग्याला विचारणार, ‘काय खाल्ले?’ रोगी सांगणार, ‘तांबोशी.’ खाडीतली निर्धोक तांबोशी आणि दूरच्या प्रवाळबेटावरून आलेला बोहार यांतला फरक या एका शब्दात बुडून जातो. आणि मग एकतर कोणावरच संशय येत नाही, नाहीतर सगळ्यांचाच धंदा आठवडाभर बसतो. दोन्ही वेळी तोटा होतो तो पाटी घेऊन बसलेल्या कोळणीचा.

दुसरे नुकसान समुद्रातले आहे व ते दिसत नाही म्हणून अधिक मोठे आहे. देशात दरवर्षी किती मासळी उतरली याचे जे ठोकळ तक्ते प्रसिद्ध होतात, त्यांत या साऱ्या कुळाला बहुधा ‘स्नॅपर’ असा एकच रकाना असतो. आता यांतल्या काही जाती तीस-चाळीस वर्षे जगतात. माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलये असतात, ती मोजून हे वय काढता येते. इतके दीर्घायुषी मासे वयात यायलाही काही वर्षे घेतात आणि एकदा उपसले गेले की लवकर भरून येत नाहीत. समजा, अशी एक जात निम्म्यावर आली आणि तिची जागा दुसऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातीने घेतली, तर रकान्यातला आकडा तसाच राहील आणि सारे आलबेल असल्याचे कागद सांगत राहील. खाजणे बुजवून, तिवरे तोडून खाडीतल्या तांबोशीच्या पिल्लांचे घर मोडले तरी त्याचा परिणाम त्या आकड्यात दिसणार नाही. ज्याला स्वतंत्र नाव नाही, त्याच्या जाण्याचीही नोंद होत नाही.

उपाय अवघड नाहीत. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडलेल्या पद्धतीने माशाच्या एका ठरावीक जनुकातली साडेसहाशे अक्षरे वाचली की जात ओळखता येते. मग तो तुकडा शिजवलेला असला तरी बहुधा चालतो. या कामाची जाण असलेल्या संस्था देशात आहेत. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, लखनौची मत्स्य आनुवंशिक संपत्तीची संस्था आहे, आणि मुंबईत तर वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्थाच आहे. मागितलेल्या प्रकारचा नसलेला पदार्थ गळ्यात मारणे हा २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गुन्हा ठरतो. पण हा कायदा घेऊन निरीक्षकाने सकाळी सकाळी कोळणीच्या पाटीवर धाड घालावी, असे येथे सुचवायचे नाही. अख्खा मासा विकणारी बाई काही लपवीत नसते. तो सगळा गिऱ्हाइकासमोर असतो. तपासणी व्हायला हवी ती बंद पाकिटाची आणि उपाहारगृहातल्या बिनकातडीच्या तुकड्याची. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमाने मासळीच्या व्यापारी नावाबरोबर शास्त्रीय नावही ग्राहकाला कळवणे बंधनकारक केले. आपल्याकडच्या पाकिटांवर तेवढे छापायला शाईशिवाय फारसा खर्च येणार नाही.

शास्त्रीय नावे बाजारात कोण वाचणार, अशी थट्टा होईल. पण त्या नावांचा इतिहास थट्टा करणाऱ्यांनी पाहण्यासारखा आहे. ‘ल्युट्जॅनस’ हा शब्द लॅटिन पंडिताच्या डोक्यातून निघालेला नाही. तो मलायी कोळ्यांच्या ‘लुत्जांग’ या नावावरून ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली घेतला. ‘बोहार’ हे तांबड्या समुद्रावरच्या अरबांनी त्या माशाला दिलेले नाव. डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या मोहिमेतल्या पेटर फोर्सकॉल याने ते टिपून घेतले. तो १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला आणि त्याचे टिपण १७७५ साली छापले ते त्याचा सहकारी कार्स्टेन नीबुर याने. सोबती एकामागून एक गमावल्यावर हाच नीबुर वर्षाहून अधिक काळ मुंबईत येऊन राहिला होता व घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेत होता. म्हणजे मलायी आणि अरबी कोळ्यांचे शब्द शास्त्रात गेले. त्याच्या मुंबईतल्या मुक्कामात इथल्या कोळणींना असेच कोणी माशांची नावे विचारली असती, तर तांबोशीच्या एखाद्या जातीला आज मराठी नाव असते.

ते काम आजही करता येण्याजोगे आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात किनाऱ्यालगत प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी वर्षभर आपल्या बंदरावर उतरणाऱ्या तांबोशी पाहाव्यात, छायाचित्रे घ्यावीत, जात ठरवावी आणि तिच्यापुढे तिथल्या कोळीवाड्यातले नाव जसेच्या तसे लिहावे. एकेकाळी बेडूक कापून झाल्यावर विसरल्या जात असलेल्या धड्यांपेक्षा हा अभ्यास निश्चित टिकेल. मत्स्यव्यवसाय खात्याने ही नावे एका पुस्तिकेत छापावीत आणि नगरपालिकांनी तिच्यातली चित्रे मंडईच्या भिंतीवर लावावीत. भावफलक लावतातच, त्याच्या शेजारी. तोवर गिऱ्हाइकाच्या हाती एवढेच आहे की मासा अख्खा पाहून घ्यावा, डोके व कातडी आपल्या समोर काढायला लावावी, आणि भाव विचारण्याआधी कोळणीला विचारावे की, बाई, ही कोणती तांबोशी?