दोन मिलिमीटरचा किनारा

मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री यांस,

समुद्राचा धोका कुठवर आहे हे सांगणारी धोका रेषा आमच्या गावनकाशावर, सर्व्हे नंबरनिहाय दाखवा, एवढीच आमची मागणी आहे. आमचे अर्ज ज्या कार्यालयात पडून आहेत, त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापले की खुलासा येतो, नकाशा येत नाही.

2006 ते 2018 या काळात जगभरात समुद्र दरवर्षी सरासरी 3.7 मिलिमीटरने चढला, हे तुम्ही अहवालात वाचता. आमच्याकडे उधाणाला खारबांधाला खांड पडते, खारे पाणी भाताच्या खाचरात शिरते आणि पुढचे पीक हातचे जाते.

धोका रेषा तुमच्याकडे आहे. भरती, लाटा, चढती पातळी आणि सरकता किनारा यांचा हिशेब मांडून भारतीय सर्वेक्षण विभागाने ती आखली. पैसा जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पाचा, म्हणजे फेडणार आम्हीच. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत ही रेषा नियमन क्षेत्राच्या व्याख्येतच होती. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने तिला तिथून उठवले आणि आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून कोपऱ्यात बसवले. त्याच कागदाने खाडीकाठचे नियमन क्षेत्र 100 मीटरवरून फार तर 50 मीटरवर आणले. दर चौरस किलोमीटरला 2,161 हून जास्त लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास पट्टा 200 मीटरवरून 50 वर आला, तोही किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर होताच. समुद्र वर चढतो आहे आणि बंदी त्याच्याकडे सरकते आहे. औदार्याबद्दल आभार!

आता या आराखड्याचे गणित पाहा. त्याचे प्रमाण 1:25,000. कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. तुमचा 50 मीटरचा अख्खा पट्टा 2 मिलिमीटरचा. पेन जरा जाड निघाले तर घरांची एक ओळ रेषेखाली गडप. माझे घर आत की बाहेर, असे सुनावणीत विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘या स्केलवर ते दिसणार नाही.’ मग ज्या स्केलवर दिसते ते दाखवा. स्थानिक नकाशांसाठी 1:3,960 किंवा जवळच्या गावनकाशाच्या प्रमाणाची तरतूद तुमचीच आहे. तिथे 1 मिलिमीटर म्हणजे जेमतेम 4 मीटर. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला कोणता कायदा आडवा येतो?

भरतीरेषा आणि धोका रेषा यांमधल्या जमिनीचे नियोजन हवामान बदल लक्षात घेऊन करावे, असेही अधिसूचना सांगते. करायचे कोणी? शाळेची नवी खोली, नळयोजनेची विहीर, जेटीचा रस्ता, सगळे अंदाजपंचे चालले आहे.

एक साहेब म्हणाले, रेषा दाखवली तर लोक बिथरतील. त्यांनी चिपळूणचा दाखला दिला. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर तिथे निळ्या-लाल पूररेषेला विरोध झाला, हे खरे. पण तिथे रेषा आली ती बांधकामाला अडसर होऊन. घरादाराचे पुढे काय, हे न सांगता आखलेली रेषा लोकांना नोटिशीसारखीच वाटणार. नकाशा दडवणे हा त्यावरचा उपाय कसा?

कोळ्याला किनारा सोडता येत नाही. होडी, जाळी, वाळवण, सारे पाण्यालगत. त्याला कळायला हवे की जोते किती उंच घ्यायचे, उधाणात होड्या कुठवर ओढायच्या, आधी कोणता बांध दुरुस्त करायचा आणि 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’सारखे वादळ आले तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणत्या वाटेने न्यायचे. नकाशा आखायला आम्हालाही बोलवा. खारबांधाच्या उघाडीचे दार कुजले आहे, हे तुमच्या उपग्रहाला दिसत नाही.

पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणाच्या अमावास्या-पौर्णिमा पंचांगात छापलेल्याच असतात. त्याआधी गावनकाशावरची धोका रेषा प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या हाती द्या, आणि ती सोडवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावू नका.

– खाडीकाठचा एक खातेदार