खालच्या पट्टीतली आशा

आशा भोसले म्हटलं की आजही अनेकांना आधी आठवतं ते १९७१च्या ‘कारवाँ’मधलं ‘पिया तू अब तो आजा’. ते उसासे, हेलनचा नाच! गाणं झकासच, पण त्याचा शिक्का बाईंवर फार वर्षं राहिला.

मग १९८१मध्ये ‘उमराव जान’ आला. शहरयार यांच्या गझला स्वरबद्ध करताना खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्यांना ते आधी पटेना. ‘दिल चीज़ क्या है’ नीट ऐका: आवाजातला खट्याळपणा पार गेलाय, ओळीच्या शेवटी स्वर जरा जड होतो आणि तिथेच उमरावचं दुखणं कळतं. या गाण्यानं त्यांना पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिलं.

तरीही या गझलांना ‘अपवाद’ म्हणणं चूक आहे. नाट्यपदं आणि संगीतकार हृदयनाथ मंगेशकरांच्या अवघड चाली त्यांच्याकडून ऐकलेल्या मराठी रसिकांना ही ताकद आधीपासून ठाऊक होती.

असाच शिक्का मारत वाहिन्यांवरच्या स्पर्धांत हल्ली कोवळ्या गायकांना पहिल्या काही भागांतच ‘रॉक’ किंवा ‘सूफी’ ठरवून टाकतात. त्या परीक्षकांच्या खुर्चीत खय्याम यांच्यासारखा हट्टी माणूस हवा.