'अप टू' या दोन शब्दांचा हिशोब

मंडळी, एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर आणलं. आता आमच्या खांदेश्वरातही बाल्कनीच्या ग्रिलला लटकवलेले ते डबे दिसतात. रस्ता खोदायला नको, केबल ओढायला नको, चांगली सोय आहे. पण वेग पडला की आपण म्हणतो, "कंपनी फसवते." कंपनीचं उत्तरही ठरलेलं, "सर, पाऊस आहे." मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

मुळात होतं काय, तर डबा टॉवरला सतत सांगत असतो, नीट ऐकू येतंय की नाही. स्वच्छ ऐकू आलं तर २५६ क्वाम, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये ८ बिट. गोंगाट वाढला की ६४ क्वाम (६ बिट), मग १६ क्वाम (४ बिट), आणि अगदीच वाईट असेल तर क्यूपीएसके, फक्त २ बिट. भरलेल्या लोकलमध्ये आपण नाही का सावकाश, तोडून तोडून बोलत? तसंच. यालाच ॲडॅप्टिव्ह मॉड्युलेशन म्हणतात. ते नसतं तर कनेक्शन मंद न होता सरळ तुटलं असतं.

खरी गोम पुढे आहे. टॉवरचा वेळ सगळ्यांत वाटलेला असतो. समजा टॉवरची क्षमता ८०० एमबीपीएस आहे आणि ग्राहक दोनच. दोघंही ८ बिटवर असतील तर प्रत्येकी ४००. आता एकाचा डबा चुकीच्या बाजूला बसवल्यामुळे तो २ बिटवर आला. वेळ निम्मा-निम्मा वाटला तर चांगल्याला ४००, वाईटाला १००. दोघांना सारखा डेटा द्यायचा ठरवलं तर दोघांनाही फक्त १६०! (एरर करेक्शनचा हिशोब इथे सोडून दिलाय.) म्हणजे शेजाऱ्याचा डबा हा तुमचाही प्रश्न असू शकतो, बरं का.

आणि पाऊस? ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक-दोन किलोमीटरवर त्याचा परिणाम नगण्य असतो. २६ गिगाहर्ट्झवर मात्र कोकणातला पाऊस खरंच वेग खातो. ३.३ वर खरा अडथळा म्हणजे मधली इमारत, भिंत, झाड.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. डबा बसवताना टॉवर किती स्वच्छ ऐकू येतोय आणि तिथे कोणतं मॉड्युलेशन मिळतंय, ते ग्राहकाला लेखी द्या. 'अप टू'च्या शेजारी गर्दीच्या वेळेचा किमान वेगही छापा. २०२३ पासून सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस मिळाले तरी ते ब्रॉडबँडच ठरतं. त्या आकड्यावर घरून काम करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ कॉल आणि मुलांचा क्लास एकाच वेळी कसा चालायचा?

आणि सोसायटीवाल्यांनो, गच्चीवर डबा लावायला 'नियमात नाही' म्हणून अडवू नका. तो वर गेला तर फायदा एकट्या फ्लॅटवाल्याचा नाही, त्या टॉवरवरच्या सगळ्यांचा आहे.