पुरापूर्वीची विद्या

नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की पाणी किती चढले हे नाशिककर या मूर्तीवरून सांगतात. पाणी मारुतीच्या पायांशी आले, कमरेस लागले, गळ्यापर्यंत पोचले, अशी वार्ता घरोघर जाते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या आरंभी हे पाणी फार वर चढले. नदीच्या खालच्या अंगास, निफाड तालुक्यात असलेली चांदोरी आणि सायखेडा ही गावे त्या वेळी पाण्याने वेढली गेली, आणि अडकलेल्या माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले.

पुराच्या ओढीपुढे वल्ह्यांचे बळ अपुरे पडते. म्हणून बचावाच्या बोटीच्या मागील कडेस बाहेरच्या बाजूने एक इंजिन अडकवितात. त्यास आऊटबोर्ड मोटार असे म्हणतात. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी कारागिराने १९०९ साली अशी इंजिने विक्रीस आणली आणि ती लवकरच लोकप्रिय झाली. हा एका शेतकऱ्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी तो यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला, आणि तेथे हातांनी जे शिकला तेच पुढे त्याच्या कामी आले. या जातीचे लहान इंजिन दोन माणसे सहज उचलून नेऊ शकतात. उथळ पाण्यात बोट शिरली, की ते वर उचलून धरता येते.

असे हे उपयोगी यंत्र. परंतु त्याचे एक दुर्दैव आहे. पुरासाठी राखून ठेवलेल्या इंजिनाला काम वर्षातून चार दिवस, आणि विश्रांती उरलेले सारे दिवस! सायकल वापरून झिजते. हे इंजिन मात्र न वापरल्याने बिघडते. त्यात राहून गेलेले पेट्रोल काही महिन्यांनी चिकट होते आणि कार्ब्युरेटरची सुईएवढी छिद्रे बुजवून टाकते. इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी आत ओढणारा एक छोटा पंप असतो. त्याच्या रबरी पात्या पडून राहिल्याने ताठर होतात. प्लगवर काजळी धरते. मग एखाद्या रात्री पाणी चढते, छपरावर बसलेली माणसे हाका मारतात, किनाऱ्यावरचा मनुष्य इंजिनाची दोरी पुनःपुन्हा ओढतो, आणि इंजिन काही केल्या चालू होत नाही. अशा वेळी दोष पुरास द्यावा, की आपल्या आळसास?

म्हणून माझे असे मत आहे, की नदीकाठच्या गावांतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना या इंजिनाची निगा राखण्याचे आणि त्याची साधी दुरुस्ती करण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. ते फारसे अवघडही नाही. प्लग काढून पुसावा आणि पुन्हा नीट बसवावा. पेट्रोलची गाळणी धुवावी. काम संपताच इंजिनातील पेट्रोल काढून टाकावे. दंतचक्रांच्या पेटीतील तेल पाहावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे ओळखावे. महिन्यातून एकदा इंजिन चौकटीवर बसवावे, त्याचा पाय पिंपातील पाण्यात बुडवावा आणि ते चालवून पाहावे. पाण्याबाहेर मात्र ते क्षणभरही चालवू नये; कारण कोरड्या पंपाच्या रबरी पात्या लगेच जळू लागतात. इंजिन चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार उडत असते. ती धार थांबली, की इंजिनही तत्काळ थांबवावे. पुराच्या गढूळ पाण्यात ही वाट गाळाने पुष्कळदा बुजते. हे ज्यास ठाऊक नाही, तो इंजिन जाळून बसतो. ज्यास ठाऊक आहे, तो बारीक तारेने वाट मोकळी करून पुढे जातो.

यावर कोणी म्हणेल, "मेकॅनिक कशासाठी आहेत?" मेकॅनिक आहेत, आणि मोठ्या बिघाडास ते हवेतच. परंतु पूर येतो तेव्हा पूल पाण्याखाली जातात आणि शहराची वाट बंद होते. त्या वेळी गावात जे ज्ञान असेल, तेवढेच गावाच्या उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पेट्रोल आणि फिरता पंखा यांच्याजवळ मुलांना नेणे धोक्याचे नाही काय? धोक्याचे आहेच, म्हणून हे शिक्षण जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, दिवसाउजेडी आणि मोकळ्या जागी द्यावे. इंजिन पिंपात चालविताना पंखा काढून ठेवावा. आणि पुरात बोट घालण्याचे काम मुलांचे नव्हे. ते शिकलेल्या प्रौढ माणसांचेच आहे. मुलांनी सांभाळावयाचे ते पुरापूर्वीचे दिवस.

तिसरा आक्षेप अभ्यासाचा. पण हाही अभ्यासच नव्हे काय? १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असे सुचविले आहे. ठिणगी, ज्वलन, दाब, घर्षण हे विज्ञानाच्या पुस्तकातील शब्द इंजिन उघडताच डोळ्यांसमोर मूर्तिमंत उभे राहतात.

कोकणच्या किनाऱ्यावर मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत मच्छीमार तरुणांना नौकानयनाबरोबर बोटीच्या डिझेल इंजिनाची देखभालही शिकवितात. भरसमुद्रात इंजिन बंद पडले तर हाकेला कोणी नाही, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडे समुद्र नाही, पण वर्षातून काही दिवस गोदावरीच समुद्रासारखी पसरते. आणि ज्या जिल्ह्यात ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, तेथील मुलांनी बोटीच्या इंजिनाला भ्यावे, हे शोभत नाही.

पूर आल्यावर धावून जाणाऱ्यांचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कोणी एका मुलाने किंवा मुलीने वैशाखातल्या एखाद्या दुपारी, कोणी पाहत नसताना, इंजिनाची गाळणी धुतलेली असते. म्हणून श्रावणातल्या रात्री दोरीच्या पहिल्या हिसक्यास ते इंजिन चालू होते. बोटीतून सुखरूप उतरणाऱ्या आजीबाईंना त्या मुलाचे नाव कदाचित कधीच कळणार नाही. तरी त्यांना वाचविण्यात त्याच्या तेलकट हातांचाही वाटा असतो.