लहर सर्वांची, टिपण मात्र फौजदाराचे?

१/ ‘हवेतील लहरीवर कुणाची मालकी नसते, जे कानी पडेल ते मुद्रित करावे व वाटावे.’ असे म्हणणारे १९४२ च्या काँग्रेस रेडिओचा दाखला देतात. तो दाखला त्यांच्यावरच उलटतो. कसा, ते पाहू.

२/ २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृतींनी ४२.३४ मीटरवर गुप्त केंद्र सुरू केले. दडपलेल्या वार्ता, चिमूर-आष्टीचे अत्याचारही, येथून ऐकू आले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला.

३/ त्या प्रक्षेपणांचा मजकूर आज वाचावयास मिळतो. तो टिपला कोणी? पाळतीवरील पोलिसांनी. उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या ग्रंथात ती टिपणे आहेत.

४/ ‘म्हणजे चोरून ऐकणाऱ्यांनीच इतिहास राखला!’ हा निष्कर्ष भाबडा आहे. ती टिपणे खटल्यासाठी होती. खाकरांना ५, उषाबेनना ४ आणि झवेरींना १ वर्षाची शिक्षा झाली.

५/ मग श्रोत्यांची टिपणे कोठे आहेत? १९३३ च्या कायद्याने परवान्याविना रेडिओ संच बाळगणे गुन्हा होता. मेढ्यात कोणाकडे संच असलाच, तर त्याचे नाव सरकारदरबारी असणार. शिवाय त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यात वडूज व इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वेळी घरात लिहिलेला कागद म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा. भयाने श्रोत्याची लेखणी थांबवली, फौजदाराची चालू राहिली.

६/ येथे एक भेद विसरू नये. काँग्रेस रेडिओ सर्वांना उद्देशून बोलत होता. दोघांमधील खासगी संदेश तसा नसतो. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाचे कलम ४२ बेकायदा संदेश टिपणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. खासगी बोलण्यास हे कवच हवेच.

७/ परंतु कवच सरकारविरुद्धही हवे. दूरध्वनीवर चोरून कान ठेवणे हा खासगीपणावर घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले आणि सरकारी अधिकारास कार्यपद्धतीची वेसण घातली.

८/ म्हणून मागणी स्पष्ट असावी: जे सर्वांसाठी बोलले गेले, ते नागरिकाने निर्भयपणे नोंदवावे, जे एकासाठी बोलले गेले, त्याला कोणीही, सरकारनेही, सहज हात लावू नये, आणि पाळतीची जुनी दप्तरे मुदतीनंतर अभ्यासकांना खुली व्हावीत. इतिहासाला एकच साक्षीदार उरावा आणि तोही फौजदार असावा, ही वेळ पुन्हा येऊ नये.